बोअर कुठं मारायची? खनिजशोधातल्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी स्ट्रक्चरल जिऑलॉजीबद्दल थोडं लिहिलं होतं. खडकांच्या घड्या, भेगा, त्यांचा कल हे सगळं मोजून खनिज कुठं असेल ते सांगायचं, असं हे काम. त्यावर आलेली पत्रं बहुतेक ठाणे-नवी मुंबईतलीच निघाली. मी नौपाड्यात लहानाची मोठी झाले, अजूनही तिथंच राहते, त्यामुळे वाचताना मजा आली. पत्रं जरा कापली आहेत. नावं छापलेली नाहीत. काहींनी तशी विनंती केली होती, मग सगळ्यांना एकच नियम लावला.

प्रश्न : मॅडम, मी टी. वाय. बी. एस्सी.ला आहे, जिऑलॉजी घेऊन. सर म्हणतात, मोठ्या कंपनीत साधा जिऑलॉजिस्ट वेगळा आणि स्ट्रक्चरलवाला वेगळा. दोघांच्या कामात फरक काय? आणि दिवसभर नक्की करायचं काय असतं? (कळवा)

साध्या जिऑलॉजिस्टला लोक विचारतात, 'हा दगड कुठला?' आमच्याकडे येतात ते 'हा पुढं गेला कुठं?' हे विचारायला.

सोन्याचंच घे. जमिनीखालून गरम द्रव खडकातल्या भेगांतून वर सरकतो आणि जाता जाता गारगोटी, सल्फाइड खनिजं आणि थोडं सोनं मागं ठेवतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकत असतात. भेग जिथं वळण घेते तिथं कधी मध्ये फट उघडते, कधी ती आवळली जाते. फटीत माल साचतो, आवळलेल्या जागी नुसता चुरा. म्हणजे शीर, अशी भरलेली भेग, सलग दिसली तरी सोनं सलग नसतं. भरलेले पट्टे असतात, त्यांना आम्ही शूट म्हणतो, आणि ते शिरेच्या आतल्या आत एका बाजूला कलत खाली उतरतात. तो कल कुठल्या दिशेला आणि किती अंशांनी, हे ज्याला कळलं त्यानं पुढची बोअर कुठं मारायची ते सांगावं. कोलारच्या चॅम्पियन रीफवर 1880 च्या सुमाराला आधुनिक खाणकाम सुरू झालं आणि 2001 मध्ये खाण बंद होईपर्यंत लोक तीन किलोमीटरहून खोल गेले, ते असाच माग काढत काढत. झारखंडमधला सिंहभूम शिअर झोन, म्हणजे खडक सरकून रगडला गेलेला पट्टा, कमानीसारखा सुमारे दोनशे किलोमीटर पसरलाय. तांबं आणि युरेनियम दोन्ही त्याच पट्ट्यात. पण दोनशे किलोमीटर म्हणजे काही दोनशे किलोमीटर खाण नव्हे. कुठल्या वळणावर थांबायचं, हाच तर प्रश्न.

आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीजची तऱ्हा निराळी. तिथं मुळात थर होता, गाळाचा, आडवा. पुढं तो भाजला गेला, दुमडला, आणि दुमडलेला असतानाच पुन्हा दुसऱ्या दिशेनं दुमडला. शेतात चार ठिकाणी काळा दगड डोकं वर काढतो. ते चार थर आहेत की एकच थर चारदा वर आलाय? चार असतील तर खनिजाचा हिशोब एक, एकच असेल तर साफ वेगळा. शिवाय घडीच्या वळणावर थर फुगलेला असतो आणि दोन्ही अंगांना ताणून पातळ झालेला. मी शिकले ते याच पट्ट्यात. तिथल्या वावरांतून हिंडताना गावकरी विचारायचे, 'बाई, सर्वेवाल्या का?' जमीन जाणार की काय ही धास्ती त्यामागं असायची. त्यांना दोन मिनिटं नीट उत्तर द्यायचं, हेही कामातच धर.

आता दिवसभराचं. नव्या जागी आधी नकाशा. पायी फिरायचं, उघडा खडक दिसेल तिथं ब्रंटन कंपास लावायचा, डिप, म्हणजे थराचा उतार, आणि त्याची दिशा वहीत टिपायची. 270/12 लिहिलं की समजायचं, पश्चिमेकडे बारा अंशांनी कललाय. मुंबईत दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, जवळपास शून्य, म्हणून आपली मुलं ती दुरुस्ती विसरतात. ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये तो वीस अंशांच्या वर आहे. तिथं विसरलात तर अख्खा नकाशा फिरलाच म्हणून समजा.

पण मला विचारशील तर खरं काम कोअर शेडमध्ये. ड्रिलिंगमधून दगडाची कांडी बाहेर येते, तीच कोअर. नेहमीची एनक्यू साइझ, 47.6 मिलिमीटर व्यासाची. तिच्यात भेग दिसते, तिचा कांडीशी असलेला कोनही दिसतो. पण कांडी नळीतून वर येईपर्यंत गरगर फिरलेली असते, त्यामुळे ती भेग जमिनीत पूर्वेकडे कलत होती की पश्चिमेकडे, हे कांडी सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक रनला, म्हणजे ड्रिलिंगच्या प्रत्येक खेपेला, खडक तोडण्याआधी एक उपकरण तळाची बाजू कुठली ते नोंदवतं आणि ड्रिलर कांडीच्या टोकावर तेवढी खूण करतो. पुढचं माझं. लोखंडी अँगलच्या पन्हाळीत तुकडे ओळीनं मांडायचे, ओल्या स्पंजानं पुसायचे आणि तुटलेली तोंडं एकमेकांत बसेपर्यंत हातानं फिरवत राहायचं. बरोबर जागा मिळाली की तुकडा आपोआप अडतो, मग तो हलत नाही. खुणेपासून लाल चायनामार्कर पेन्सिलीनं लांबच लांब रेघ ओढायची आणि तिच्यावर खालच्या दिशेचे बाण करायचे. पुढच्या रनची खूण याच रेघेवर किंवा दोनचार अंशांत आली तर रेघ पक्की. नाही आली तर तुटक रेघ मारायची आणि त्या भागातली मापं कच्ची म्हणून नोंदवायची. मध्ये चुरा आला की रेघ थांबली. ओढूनताणून पुढं न्यायची नाही. मग भेगेचा कांडीच्या अक्षाशी असलेला कोन, तो अल्फा. रेघेपासून गोल मोजलेला कोन, तो बीटा. त्यासाठी अंश छापलेली पारदर्शक पट्टी कांडीभोवती गुंडाळतात. हे दोन कोन आणि बोअरची दिशा हाताशी असली की भेगेचा जमिनीतला खरा कल निघतो. गणित कॉम्प्युटर करतो. रेघ मात्र माणूस ओढतो, आणि ती तिरपागडी असेल तर पुढं सगळं बिनचूक चुकीचं.

एक सल्ला फुकटचा. ड्रिलरशी सलोखा ठेव. तळाची खूण तो रात्री दोन वाजता, थंडीत, ग्रीसच्या हातानं करणार. ती कशासाठी हवी आहे हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. एकदा शेडमध्ये बोलावून लाल रेघ दाखवलीस की पुढच्या खुणा बघ कशा येतात.

संध्याकाळी ही मापं स्टिरिओनेटवर, म्हणजे कल आणि दिशा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, मांडायची, सेक्शन म्हणजे जमिनीचे उभे छेद काढायचे, आणि एक दिवस मीटिंगमध्ये नकाशावर बोट ठेवून म्हणायचं : इथं, अमुक दिशेला, साठ अंशांनी, तीनशे मीटर. ड्रिलिंगला मीटरमागं हजारो रुपये लागतात. तेव्हा ते बोट तुझंच आहे, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं.

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. जिऑलॉजीला जायचं म्हणते तर घरी कोणालाच काही माहीत नाही. कुठं शिकायचं, परीक्षा कुठल्या? (ऐरोली)

बी. एस्सी. जिऑलॉजी मुंबईत झेवियर्सला आहे, पुण्यात फर्ग्युसनला. पुढं एम. एस्सी. हवीच. आयआयटीत जायचं तर जॅम ही परीक्षा, तिच्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो. पवईची आयआयटी तुला घरापासून बसच्या अंतरावर. तिथं अप्लाइड जिऑलॉजी शिकवतात. धनबादची जुनी मायनिंगची संस्था 1926 ची, आता तीही आयआयटी आहे. सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा : प्रिलिम्स, मेन्स, मुलाखत. त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हेत आणि भूजल मंडळात घेतात. सर्व्हे 1851 चा, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे आगगाडीहून दोन वर्षांनी थोरला. शिवाय अणुखनिजांचं संचालनालय, नागपूरची एमईसीएल ही खनिजशोधाची सरकारी कंपनी, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय, आणि खासगी कंपन्या. 2023 मध्ये खाण कायद्यात बदल होऊन 29 खनिजांसाठी वेगळं अन्वेषण लायसन्स आलं, त्यात सोनं, तांबं, लिथियम हे सगळे आहेत. खासगीतली दारं त्यामुळे थोडी किलकिली झालीत.

गणित सोडू नकोस. त्रिकोणमिती तर रोज लागते. आणि क्लासची फी भरण्याआधी एकदा कुठल्या तरी कॉलेजच्या फील्ड ट्रिपला जाऊन ये. उन्हात चार तास दगड बघून कंटाळलीस तर पैसे वाचले.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालोय. रोज सकाळी खारघरच्या टेकडीकडे फिरायला जातो. तिथले खडकांचे थर समुद्राकडे उतरते दिसतात. माझ्या एका मित्राला दगडाच्या पोकळीत चमकदार स्फटिक सापडले. आपल्या डोंगरात काही मौल्यवान खनिज असेल का? (खारघर)

काका, तुमची नजर पक्की आहे. उतार खराच आहे, डोळ्यांचा भास नव्हे. हा सगळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेला लाव्हा. माळशेजला किंवा खंडाळ्याला बघा, थर जवळजवळ आडवे, फूटपट्टीनं आखल्यासारखे. घाट उतरून कोकणपट्टीत आलं की तेच थर पश्चिमेला वाकतात. या वाकण्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आणि भूविज्ञानाच्या जगात पनवेलचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पनवेलकरांना बहुधा पत्ता नसतो. किनारा खचताना थर सरळ वाकले की भेगांवर तुकड्यातुकड्यांनी घसरले, यावर जाणकारांत अजून वाद आहेत. माझं मत विचाराल तर दोन्ही थोडं थोडं, ठिकाणाप्रमाणे. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून खाली राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत गरम पाण्याचे झरे जे रांगेनं लागतात, तेही याच किनारी भेगांशी जोडले जातात.

मौल्यवान खनिजाचं मात्र विसरा. तुमच्या मित्राचे स्फटिक झिओलाइट गटातले, नाहीतर कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ असणार. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत ते नंतर वाढले. शोकेसमध्ये छान दिसतात, त्यांत धातू नाही. आपल्या डोंगरांतून निघते ती खडी. तुर्भ्याच्या खाणींतून कित्येक वर्षं निघाली. उलव्याची टेकडी तर विमानतळासाठी कापून सपाट केली. ती कापताना जे ताजे उभे छेद दिसत होते, ते विद्यार्थ्यांना दाखवायला हवे होते असं मला राहून राहून वाटतं. आता त्यावर धावपट्टी आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही दर वर्षी गणपतीला कोकणात जातात आणि येताना पिशवीतून दगड आणतात. 'यात काही आहे का बघा.' दर वेळी जांभा. लोखंड आहे हो त्यात, असं सांगितलं की त्यांना तेवढंच समाधान.

तुमच्या टेकडीचा उपयोग वेगळा आहे. नातवंडं असतील तर त्यांच्या मोबाइलवर क्लिनोमीटरचं ॲप घालून द्या आणि थराच्या पृष्ठभागावर ठेवून किती अंश येतात ते वहीत लिहायला लावा. हायटेन्शनच्या टॉवरपासून लांब मोजा, होकायंत्र तिथं भरकटतं. बसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतंच, म्हणून एकाच जागी दोनतीनदा मोजा. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका. येऊरकडे जायचं तर ते नॅशनल पार्क आहे, हातोडा घरी ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी एम. एस्सी. जिऑलॉजी करते आहे आणि तिला खनिजशोधातच जायचं आहे. जंगलात राहणं, खाणीत उतरणं, अनोळखी माणसांत. तुम्ही स्वतः बाई आहात म्हणून विचारतो : हे सुरक्षित आहे का? आणि लग्नाचं कसं जमवायचं? (नेरुळ)

दादा, दुसरा प्रश्न तुम्ही मला विचारलात. तो तिचा आहे, तिच्याशी बोला. माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या घरी यजमान ठाण्यातच नोकरीला होते, सासूबाईंनी मुलाचं बघितलं, आणि तरी भांडणं झाली. बँकेत नोकरी केली असती तरी झाली असती.

पहिल्याचं उत्तर सविस्तर देते. खाणीत उतरण्याची भीती आधी बाजूला काढा. खनिजशोध म्हणजे खाण होण्याच्या कितीतरी वर्षं आधीचं काम. तिथं अजून भुयार नसतंच. उघडं रान, बोअर मारायची रिग, तंबू किंवा भाड्याचं घर. पुढं ती चालू खाणीत गेलीच, तर 1952 च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली बंदी होती. 2019 मध्ये केंद्रानं सूट देऊन तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंत, लेखी संमती घेऊन, उतरायला परवानगी दिली. मी नोकरीला लागले तेव्हा हे नव्हतं. एका कार्यालयात तर मला फील्डवरही धाडेनात. 'बाईमाणसाला कशाला त्रास' म्हणत कोअर लायब्ररीत बसवलं. वर्षभर दुसऱ्यांनी आणलेल्या कांड्या बघत बसले. त्रास मला झालाच, पण तो बसून राहण्याचा.

कॅम्पवर खरी गैरसोय कुठली, ती ऐका. संडास-बाथरूम धड आहे का, खोलीला आतून कडी आहे का, फील्डला गाडी आणि सोबत माणूस मिळतो का, जवळचं इस्पितळ किती लांब, फोनला रेंज कुठं मिळते. हे प्रश्न मुलीनं इंटरव्ह्यूच्या शेवटी बिनदिक्कत विचारावेत. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर तिथं बायका राहिलेल्याच नाहीत, हे कळतं. अंतर्गत तक्रार समिती आहे का, तेही विचारावं. कायद्यानं असायला हवी.

वाघापेक्षा उन्हाची, सापाची आणि जीपच्या ड्रायव्हरच्या झोपेची काळजी जास्त करा. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात रस्त्यावरचे.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. फील्डचा मोसम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. गणपतीला ती घरी असेल, दिवाळीला नसेल. माझ्या आईनं फराळाचा डबा कुरिअरनं पाठवायला सुरुवात केली, आणि चकल्यांचा भुगा होतो हे कळल्यावर शंकरपाळ्यांवर आली. एवढी तयारी ठेवा.

प्रश्न : मी शेअर बाजारात थोडे पैसे गुंतवतो. सोन्याचा शोध घेणाऱ्या एका परदेशी कंपनीनं जाहीर केलं की त्यांना '40 मीटर, टनाला 3 ग्रॅम' असं सोनं लागलं. भाव एकदम चढला. तुमच्या नजरेनं अशी बातमी कशी वाचायची? (वाशी)

शेअर घ्या की विका, ते मी सांगणार नाही. बातमी कशी वाचायची तेवढं सांगते.

काकडी आडवी कापली की चकती गोल येते आणि तिरकी कापली की लांबट. काकडी तेवढीच असते. शिरेत बोअर काटकोनात शिरली तर जेवढे मीटर सोनं लागलं तेवढी शिरेची जाडी. बोअर शिरेला तिरकी, जवळजवळ तिच्या अंगानं गेली, तर ती कितीतरी मीटर शिरेतच फिरते. खरी जाडी काढायला कांडीतली लांबी गुणिले शीर आणि कांडी यांच्यातल्या कोनाची ज्या (साइन). तो कोन 15 अंश असेल तर तुमचे 40 मीटर म्हणजे दहा मीटरच्या जरा वर. 90 असेल तर पुरते चाळीस. म्हणून बातमीत खरी जाडी लिहिली आहे का ते बघा. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क या, खनिजशोधाचे निकाल जाहीर करण्याच्या संहितेनुसार ती माहीत नसेल तर 'ही बोअरमधली लांबी आहे, खरी जाडी माहीत नाही' असं स्पष्ट लिहावं लागतं. ते वाक्य बहुधा अगदी शेवटच्या तक्त्यात, बारीक टायपात सापडतं. तिथून वाचायला सुरुवात करा.

मी एका ठिकाणी सल्लागार म्हणून गेले होते. कंपनीचं नाव घेत नाही. ओळीनं सगळ्या बोअर शिरेच्या उताराच्या दिशेनंच मारलेल्या, कारण रस्ता त्या बाजूनं होता आणि रिग न्यायला सोपं. कागदावर आकडे झकास. शीर ओलांडून उलट बाजूनं एक बोअर मारायला सांगितली तेव्हा बैठकीत शांतता पसरली. पैशापेक्षा त्यांना आधीच्या बातम्यांची काळजी होती.

दुसरं, खनिजसाठ्याला जी4, जी3, जी2, जी1 अशा पायऱ्या असतात, जी1 सगळ्यात पक्की. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासी भागात 59 लाख टन लिथियम धातुकाचा साठा जाहीर झाला, तो जी3 होता, म्हणजे अनुमानित. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात जी3 आलं नाही, लोकांनी थेट गाड्यांच्या बॅटऱ्या मोजल्या.

आणि तिसरं, नमुन्याची अर्धी कांडी जपून ठेवली आहे का? नियम असा की कांडी उभी कापायची, अर्धी प्रयोगशाळेत, अर्धी पेटीत. इंडोनेशियातल्या बुसांगच्या ब्रे-एक्स प्रकरणात, जे 1997 मध्ये फुटलं, अख्खी कांडीच दळून टाकत होते आणि नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळत होते. ताडून बघायला मागं काही उरायचंच नाही.

प्रश्न : घणसोलीत आयटीत आहे, वय 34, डेटा सायन्स. खनिजशोधात एआय येतंय म्हणतात. जिऑलॉजी न शिकता या क्षेत्रात येता येईल? (घणसोली)

जिऑलॉजिस्ट म्हणून नाही. डेटावाला म्हणून जरूर. जुन्या खाणींचे हजारो मीटरचे लॉग, म्हणजे कांड्यांच्या नोंदी, वहीत, स्कॅनमध्ये, एक्सेलमध्ये पडलेत. एकाच खडकाला तीन जणांनी तीन नावं दिलेली. ते निस्तरणाऱ्यांची गरज आहे आणि पैसेही बरे मिळतात. लीपफ्रॉगसारखं सॉफ्टवेअर बोअरच्या मापांवरून काही मिनिटांत थ्रीडी मॉडेल बनवतं. रंगीत, गुळगुळीत, बघणारा खूश. पण दोन बोअरच्या मध्ये भ्रंश आहे आणि शीर तिथं तुटून बाजूला सरकली आहे, हे कोणी सांगितलं नाही तर ते सॉफ्टवेअर दोन वेगळ्या शिरा खुशाल जोडून देतं. मी अजून पहिला सेक्शन ट्रेसिंग पेपरवर काढते. तरुण मंडळी हसतात, हसू देत. तुम्ही येणारच असाल तर आधी महिनाभर कोअर शेडमध्ये बसा, मग पायथॉन उघडा.

प्रश्न : एम. एस्सी. झाले. हातात दोन ऑफर आहेत. एक छत्तीसगडमध्ये एका ड्रिलिंग काँट्रॅक्टरच्या कॅम्पवर कोअर लॉगिंग, पगार कमी. दुसरी इथंच, बोगद्याच्या कामावर. आई म्हणते इथलीच घे. ताई, तुम्ही काय म्हणाल? (कोलशेत रोड, ठाणे)

आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. आपल्याकडे सध्या जमिनीखाली भरपूर चाललंय. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले सुमारे सात किलोमीटर खाडीखालून. ठाणे-बोरिवलीचा जुळा बोगदा येऊरच्या डोंगराखालून. स्ट्रक्चर तिथंही लागतंच : सांध्यांचे, म्हणजे खडकातल्या समांतर भेगांचे, संच किती, त्यांतलं अंतर किती, पाणी कुठून झिरपतंय, डाईक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या खडकाची भिंत, आडवा येतोय का. फक्त एक विचारून घे, बोगदा मशीननं पाडताहेत की सुरुंगानं. टीबीएमच्या, म्हणजे बोगद्याच्या मशीनच्या, तोंडाशी खडक दिसतो तो थोडा, फिरत्या कटरहेडच्या आडून. सुरुंगाच्या कामात प्रत्येक स्फोटानंतर ताजी भिंत समोर येते आणि तिचं चित्र तुला एकटीला, घाईत, वहीत काढायचं असतं. सहा महिन्यांत हात बसेल.

मात्र खनिजशोधात जायचं पक्कं असेल, तर बोगद्यातून पाच वर्षांनी तिकडं वळणं अवघड जातं. तिथं विचारतात, कोअर किती लॉग केलीस, कुठल्या खनिजाची. परदेशात जबाबदार तज्ज्ञ म्हणून सही करायला त्या प्रकारच्या खनिजाचा पाच वर्षांचा अनुभव मागतात. ती वर्षं कोअर शेडमधली हवीत. पगार कमी आहे म्हणतेस, पण राहणं-जेवण त्यांचं असेल आणि खर्च करायला बाजारच नसेल, तर शिल्लक दोन्हीकडे सारखीच पडते. हिशोब मांडून बघ.

जायचं ठरलं तर 10 एक्सची लेन्स स्वतःची घे, उसनी नको. बूट आधी महिनाभर घालून मऊ कर. हातोडा चेक-इन बॅगेत टाक, केबिन बॅगेत टाकून सिक्युरिटीशी वाद घालू नकोस. चायनामार्कर पेन्सिली ठाण्यातून ने, तिकडं मिळत नाहीत.

आणि होकार देण्याआधी काँट्रॅक्टरच्या माणसाला फोन करून दोन गोष्टी विचार : वर सीनियर जिऑलॉजिस्ट कोण आहे आणि तो महिन्यातले किती दिवस साइटवर असतो, आणि कोअर ओरिएंट करता का, म्हणजे कांडीवर तळाची खूण करता का. पहिल्याला 'येतात मधूनमधून' आणि दुसऱ्याला 'म्हणजे काय?' असं उत्तर आलं, तर आईचं ऐक.